पोस्टरची मागची बाजू

दुबईत चौतीस वर्षं काय काम केलंत, असं कुणी विचारलं की मी "पोस्टरं चिकटवली" असं सांगतो. समोरच्याला वाटतं, हा माणूस भिंतींवर सिनेमाची पोस्टरं लावत फिरत असणार. माझी नात शाळेत सांगून आली, "माय ग्रँडपा वॉज अ ग्लू मॅन." मी तिला दुरुस्त केलं नाही. काम खळीचंच होतं. पोस्टरं मात्र युरोपातली असायची, ऐंशी-शंभर वर्षांची, आणि ती कॅनव्हासवर चिकटवायची असायची, म्हणजे आणखी शंभर वर्षं निघतील.

पोस्टर हा मुळात अल्पायुषी जीव. पंधरा दिवस भिंतीवर राहायचं, फाटायचं, त्याच्यावर दुसरं लागायचं, संपलं. म्हणून ते हलक्या कागदावर छापत. त्यातली काही छापखान्याच्या माळ्यावर, कुणाच्या कपाटामागे, गादीखाली राहून गेली आणि पुढे लोक ती जमवायला लागले. दुबईत टॉवर वाढले तशा रिकाम्या भिंती वाढल्या. हॉटेलवाले, गॅलऱ्या, शौकीन मंडळी यांच्याकडून गुंडाळ्या यायला लागल्या आणि त्या उघडण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

आमचं वर्कशॉप रास अल खोरमध्ये. एका बाजूला गाड्यांचं डेंटिंग, दुसऱ्या बाजूला संगमरवर कापणारे. संगमरवराची पांढरी धूळ ही आमची वैरीण, तिच्यासाठी दाराच्या फटीत कायम ओला टॉवेल. मालक हुसेनभाई, श्रीवर्धनचे. आधी त्यांचं बर दुबईत मीना बाजारजवळ फोटोफ्रेमचं दुकान होतं. मी पास्कल, वसईचा. मुंबईत गिरगावात एका लिथो प्रेसमध्ये देवांची कॅलेंडरं आणि विड्यांची लेबलं छापायला शिकलो, ती प्रेस बंद पडली, आणि दुकानात "कागदाचं समजणारा माणूस पायजे" म्हणून हुसेनभाईंनी मला बोलावलं. मी आलो तो फ्रेमच्या काचा पुसायला. पोस्टरं नंतर आली.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. पोस्टर आलं की आधी प्रत्येक रंगावर पाण्याचा थेंब ठेवून टिपकागदानं दाबायचा. रंग सुटतो का बघायचं. सुटला नाही तर उथळ ट्रेमध्ये शुद्ध पाण्यात ते झोपवायचं. तासाभरात पाणी चहासारखं होतं. ते ओतून दुसरं. मग लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणायचा, त्यावर तुतीच्या सालीचा जपानी कागद, त्यावर खळ, त्यावर पोस्टर. खळ गव्हाची. कुरडयांसाठी बायका जो चीक काढतात, तोच आमचा डिंक. गव्हाच्या खळीचं वैशिष्ट्य हे की उद्या कुणाला काढायची झाली तर पाण्यानं निघते. आपण केलेलं काम पुढच्याला उलटवता आलं पाहिजे, हा या धंद्यातला पहिला नियम. हा नियम मी फक्त कागदापुरता पाळत होतो, हे पुढे कळलं.

मी कॉलेज पाहिलं नाही. युरोपातल्या चित्रकलेचा इतिहास मी ट्रेमध्ये शिकलो. सगळ्यात आधी यायची ती पॅरिसची पोस्टरं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. वेलीसारखे केस सोडलेल्या बायका, हातात बिस्किटाचा डबा नाहीतर दारूचा ग्लास. अक्षरंसुद्धा चित्रकारानंच काढलेली, केसांसारखी वळणारी. ती बघून मला घरी आल्यासारखं वाटायचं, कारण ती दगडावर छापलेली होती. सपाट घासलेल्या दगडावर चरबीच्या खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या दगडाला शाई लागत नाही, चरबीला लागते. गिरगावात आमची लक्ष्मी अशीच छापली जायची. आमच्या मास्तरांच्या वेळचे जर्मनीहून आलेले दगड प्रेसच्या मागे पायरीसारखे टाकलेले होते. पॅरिसची बिस्किटवाली आणि गिरगावची लक्ष्मी, दोघींच्या गालाचा दाणा भिंगाखाली सारखाच दिसतो.

मग व्हिएन्नाची यायला लागली. त्यात अक्षरं चौकोनात इतकी दाबून बसवलेली की तिथल्यांनाही वाचता येत नसणार. मग जर्मनीची: एकरंगी जमीन, मध्ये एक बूट, खाली कंपनीचं नाव, बास. मला ती फार आवडायची. आणि शेवटी पहिल्या महायुद्धानंतरची, हॉलंड, रशिया, जर्मनी, चेक देश अशा चारी बाजूंनी आलेली. त्यांत बाई नाही, वेल नाही. काळा आणि लाल. जाड पट्ट्या, तिरप्या ओळी, काठीसारखी सरळ अक्षरं. जुनं जग युद्धात बुडालं, आता अक्षरंसुद्धा नव्यानं मांडू, असा त्या लोकांचा निश्चय. काहींनी तर कॅपिटल अक्षरं हद्दपार केली. सगळं लहान लिपीत. एका गॅलरीवाल्यानं मला ही केवढी क्रांती होती ते अर्धा तास समजावलं. मी म्हटलं, "आमच्या भाषेत मोठं अक्षर नसतंच." तो जरा हिरमुसला.

ही शेवटची पोस्टरं आमच्याकडे क्वचित यायची. मला ती कोरडी वाटायची, त्यामुळे मी त्यांचा फार विचार केला नाही. हे लक्षात ठेवावं, कारण पुढची गोष्ट त्यातूनच झाली.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. जुमैरातले एक अमिराती गृहस्थ होते, त्यांना सगळे बू सईद म्हणत. ते फक्त सायकलींची पोस्टरं घ्यायचे. लहानपणी मोहल्ल्यातली पहिली सायकल त्यांच्या वडिलांनी आणली होती. अडचण अशी की त्या काळच्या फ्रेंच सायकलींवर बसलेल्या बायका थंडीवाऱ्याची पर्वा न करणाऱ्या. बू सईद म्हणाले, "हबीबी, सायकल मला हवी. बाई माझ्या आईला चालणार नाही." मी फ्रेमच्या आतला पुठ्ठा इतका रुंद कापला की मानेपासून गुडघ्यापर्यंत सगळं पुठ्ठ्यामागे गेलं. वर टोपी, खाली सायकल. पोस्टरला धक्का नाही. त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, अशा सहा टोप्या लटकल्या होत्या.

या कामात माझं नाव झालं ते मात्र चिकटवण्यामुळे नाही, ओळखण्यामुळे. जुनी पोस्टरं महाग, म्हणून नकला फार. दगडावरच्या छपाईत भिंगाखाली खडूचा दाणा दिसतो, वेडावाकडा, वाळूसारखा. नंतरच्या नकला फोटो काढून ऑफसेटवर छापलेल्या. त्यांत ओळीनं बसलेले ठिपके दिसतात. ठिपके म्हणजे नक्कल, दाणा म्हणजे अस्सल. एका हॉटेलच्या लॉबीसाठी आलेल्या बारा पोस्टरांतली पाच मी अशी बाजूला काढली. मागून तपासणीत माझंच खरं निघालं. तेव्हापासून हुसेनभाई मला गिऱ्हाइकांपुढे "आमचा डॉक्टर" म्हणायला लागले. मी भिंग शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. चर्चला जातानासुद्धा.

एके दिवशी सकाळी अल बर्शाहून एक वृद्ध बाई टॅक्सीनं आल्या. नाव हाना. वय ऐंशीच्या आसपास, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले. त्या चेक देशातल्या ब्रनो शहराच्या. इथे मुलाकडे राहत होत्या. तो विमानं दुरुस्त करणारा इंजिनीयर. सोबत चादरीत गुंडाळलेला एक मोठा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पोस्टर डकवलेलं होतं. वरून खाली आलेली एक तिरपी लाल पट्टी, काळी सरळ अक्षरं, सगळी लहान लिपीतली, आणि मध्ये फोटो: एक हात, त्यात छापखान्यातले कंपोझिटर अक्षरांचे खिळे जुळवायला वापरतात ती लोखंडी पट्टी.

"हे माझ्या वडिलांनी छापलं," हानाबाई म्हणाल्या. "अक्षरजुळणी करायचे ते. दिवसभर रेल्वेची वेळापत्रकं. संध्याकाळी नव्या पद्धतीची मांडणी शिकायला शाळेत जायचे. त्या शाळेच्या प्रदर्शनाचं हे पोस्टर. हा हात त्यांचाच आहे."

मी मान हलवली. गिऱ्हाइकांकडे गोष्टी असतातच.

"युद्धात जर्मन आले, त्यांना असली कला चालत नव्हती," त्या पुढे सांगायला लागल्या. "बाबांनी ते पुठ्ठ्यावर डकवून स्वयंपाकघरातल्या कपाटाची पाठ म्हणून ठोकलं. छापील बाजू आत. आम्ही मुलं साखर काढायला कपाट उघडायचो तेव्हा बाबांचा हात दिसायचा."

"आणि आता काय करायचंय, मॅडम?"

"आधी मला सांगा, हे खरं आहे का. माझा मोठा भाऊ यान म्हणतो, बाबा थापा मारायचे. आमच्या गावच्या म्युझियमनं नंतर अशा पोस्टरांच्या नकला विकल्या होत्या. यान म्हणतो, बाबांनी त्यातलीच एक विकत आणली आणि कपाटातलं जुनं फाटलं त्याच्या जागी लावली, आणि जुनं तरी बाबांनीच छापलं होतं कशावरून. पोस्टरवर बाबांचं नाव नाही. बाबा गेल्यावर सामान वाटताना यावरून आमचं भांडण झालं. नऊ वर्षं आम्ही बोललेलो नाही."

मी भिंग काढलं. पुठ्ठा टेबलावर आडवा घेतला आणि नजर सरळ मध्यभागी, त्या हातावर लावली. ठिपके. एका ओळीत, शिस्तीत बसलेले. मी दोन मिनिटंसुद्धा घेतली नाहीत.

"हे ऑफसेट आहे, मॅडम. नंतरची नक्कल." मी त्यांच्या हातात भिंग दिलं. "इथे बघा. हे ठिपके."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "तुम्हाला खात्री आहे?"

"हंड्रेड पर्सेंट."

"म्हणजे यान बरोबर होता," त्या म्हणाल्या. भिंग परत दिलं, पुठ्ठा पुन्हा चादरीत गुंडाळला, मला टॅक्सीपर्यंत येऊ दिलं नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: नक्कल, काम नाही. जेवायला बसलो. त्या दिवशी मासे चांगले होते, एवढं आठवतं.

यानंतर दोनेक वर्षांनी एका गॅलरीनं युरोपातल्या त्याच काळ्या-लाल पोस्टरांचं प्रदर्शन ठरवलं. चाळीस पोस्टरं आमच्याकडे आली, आणि त्यांच्याबरोबर नादिया. ती बैरूतची, तिशीची, हाच विषय शिकून आलेली. हातात पांढरे मोजे आणि तोंडात "यल्ला", म्हणजे चला, आटपा. पहिलं पोस्टर उघडलं. रशियातलं होतं, मध्ये एका कामगाराचा फोटो. मी सवयीनं भिंग लावलं आणि म्हटलं, "हे रीप्रिंट आहे."

नादियानं विचारलं, "कशावरून?"

"ठिपके आहेत."

"फोटोत ठिपके असणारच," ती म्हणाली. "छापखान्यात फोटो दुसऱ्या कुठल्या रीतीनं छापणार? या लोकांना हातानं काढलेलं चित्र नकोच होतं, पास्कल. कॅमेरा यंत्राचा, म्हणून तो खरा, असं त्यांचं म्हणणं. पोस्टरात फोटो घालणं हेच तर त्यांनी नवीन आणलं. लाल भाग बघा."

मी भिंग लाल रंगावर नेलं. ठिपका नाही. सपाट, भरगच्च लाल.

"ऑफसेटची नक्कल असती तर लाल रंगातही ठिपके आले असते, कारण तिथे सगळ्याचाच फोटो काढतात," ती म्हणाली. "आता अक्षराची कड बघा."

अक्षराच्या कडेला शाईची बारीक किनार होती. लाकडी ठसा कागदावर जोरात दाबला की शाई कडेला सरकते, तशी. मग तिनं पोस्टर उलटं केलं आणि माझा हात धरून मागच्या बाजूनं फिरवला. अक्षरं बोटांना लागत होती. ठशाचा दाब कागदाच्या पाठीवर उमटला होता.

ती सगळं शांतपणे सांगत होती, मला कमी लेखत नव्हती. मी मात्र खुर्ची ओढून बसलो. पॅरिसच्या पोस्टरांचा नियम मी पुढच्या पिढीच्या पोस्टरांना लावला होता. तीस-चाळीस वर्षांत युरोपातल्या लोकांनी छपाईची पद्धतच बदलली होती, आणि मी त्या बदललेल्या गोष्टीलाच खोटेपणाचा पुरावा ठरवलं होतं. मला लाल पट्टी आठवली. तिच्यावर मी भिंग लावलंच नव्हतं.

दुपारी मी हुसेनभाईंना सांगितलं, मला अल बर्शाला जायचंय.

"अरे, दोन वर्सं झाली," हुसेनभाई म्हणाले. "तुला कोन विचारायला आलाय? ती बाई इसरली पन असंल. आता जाऊन चुकलो म्हनून सांगशील, आपलीच अब्रू जाईल. खलास कर."

"कोणी विचारायला आलं नाही म्हणूनच जातो."

हुसेनभाईंनी काचेचा एक तुकडा उजेडात धरून उगाच पाहिला. मग म्हणाले, "जातोस तर दुकानाचा मानूस म्हनून जा. डॉक्टर डॉक्टर मीच बोलत हुतो ना लोकांना."

रजिस्टरमध्ये फोन नंबर होता. फोन केला तर हानाबाईंनीच उचलला. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठिपकेवाले."

मेट्रोनं गेलो. सातव्या मजल्यावर फ्लॅट. त्यांनी कॉफी केली, माझ्यासमोर ठेवली आणि बसल्या.  मी म्हटलं, "मी बहुतेक चुकलो होतो. मला ते पुन्हा बघू द्याल?"

त्या उठल्या नाहीत. "तुमच्याकडून आले त्या दिवशी मी यानला फोन केला," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांनी. म्हटलं, तू बरोबर होतास, मी जाणत्या माणसाला दाखवलं.   यान म्हणाला, 'मला वाटत होतं, शेवटी तूच बरोबर निघशील.' तेव्हापासून दर रविवारी आमचा फोन असतो. बाबांबद्दल मात्र बोलत नाही."

त्यांनी कॉफीचा कप माझ्याकडे आणखी सरकवला.

"आता तुम्ही म्हणता, मी बहुतेक बरोबर. म्हणजे यानला पुन्हा फोन करून सांगू, की तू चुकलास? तो सत्त्याऐंशीचा आहे."

"तुम्ही नको म्हणालात तर मी जातो," मी म्हटलं. "पण माझ्याकडून खोटं सांगितलं गेलंय, ते तुम्हाला माहीत असावं एवढंच."

त्या आत गेल्या. पुठ्ठा घेऊन आल्या. "पीटर, माझा मुलगा, म्हणाला होता टाकून दे. मी म्हटलं, खोटं असलं तरी बाबांनी जपलं होतं." पुठ्ठा कपड्यांच्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. खालच्या कोपऱ्यात एसीचं पाणी झिरपून तपकिरी डाग पडला होता. तो डाग दोन वर्षांपूर्वी नव्हता.

मी भिंग लावलं. या वेळी आधी लाल पट्टीवर. सपाट, भरगच्च लाल. अक्षरांच्या कडेला शाईची किनार. हातावर काळे ठिपके, पण एकाच रंगाचे, धातूच्या ब्लॉकवरून छापलेल्या फोटोत असतात तसे. मी त्यांना एकेक दाखवलं. शेवटी म्हटलं, "पक्कं सांगायचं तर मागची बाजू पाहायला हवी, आणि मागे पुठ्ठा आहे. तो काढावा लागेल. कागद फाटण्याचा धोका आहे."

त्यांनी विचारलं, "किती टक्के?"

मी म्हटलं, "टक्के सांगणं मी सोडलंय."

त्या पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्या दिवशी पोस्टर घेऊन स्वतः रास अल खोरला आल्या.

पुठ्ठा पाण्यात भिजवला असता तर तासाभरात सुटला असता. पण पाण्यानं कागद फुगतो आणि दाबाच्या खुणा मावळतात. मला नेमक्या त्याच हव्या होत्या. म्हणून पोस्टर पालथं घालून पातळ पात्यानं पुठ्ठ्याचे पापुद्रे कोरडेच काढायचे ठरवलं. चार दिवस लागले. चारही दिवस हानाबाई सकाळी दहाला येऊन खुर्चीवर बसायच्या. हुसेनभाई त्यांना बिनदुधाचा सुलेमानी चहा द्यायचे आणि मोडक्या इंग्रजीत श्रीवर्धनच्या समुद्राबद्दल सांगायचे. शेजारी संगमरवर कापला जात होता. चौथ्या दिवशी शेवटचा पापुद्रा राहिला. त्यावर जेमतेम ओलसर टिपकागद ठेवून बोटभर तुकडा मऊ करायचा, उचलायचा, मग पुढचा.  त्या दिवशी मी दोनदा पातं खाली ठेवलं.

पहिली पूर्ण ओळ मोकळी झाली तेव्हा मी बोट फिरवलं. मग हानाबाईंना बोलावलं. काही सांगितलं नाही. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि कागदाच्या पाठीवर बोटं टेकवली. तिथे काही छापलेलं नव्हतं, पिवळट कोरा कागद. पण अक्षरं उठून आलेली होती, उलटी, एकामागून एक. त्या उजवीकडून डावीकडे बोटं नेत होत्या. कंपोझिटरच्या मुलांना उलटी अक्षरं वाचता येतात. लहानपणी वडिलांनी खेळायला खिळेच दिले होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. ओळ संपल्यावर त्या पुन्हा सुरुवातीला गेल्या. हुसेनभाई चहाचा कप हातात घेऊन तसेच उभे राहिले.

या दाबावरून ते पोस्टर खिळ्यांवरून, जुन्या यंत्रावर छापलेलं होतं एवढं ठरतं. ते त्यांच्या वडिलांनीच छापलं, हे कागद सांगू शकत नाही, आणि मीही तसं सांगितलं नाही. नक्कल नव्हती, इतकंच म्हणालो. त्यांना ते पुरलं.

त्यांनी तिथूनच यानला फोन लावला. भाषा मला कळत नव्हती. त्या थोडंच बोलल्या.  पलीकडून एक म्हातारा आवाज, एक छोटं वाक्य. फोन ठेवल्यावर मी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "विचारतोय, आता बाबांची माफी कुठे मागायची."

त्यांनी मला माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

राहिलं होतं ते माझं खरं काम. डाग हलका केला, दोन फाटके कोपरे जपानी कागदाच्या पट्ट्यांनी सांधले. पुढची पायरी कॅनव्हास. मी चौकट ताणायला घेतली तेव्हा हानाबाई म्हणाल्या, "याच्यामागे काही लावू नका."

"असं ठेवलं तर फार टिकणार नाही, मॅडम. कागद ठिसूळ झालाय. कॅनव्हास लावला तर शंभर वर्षं बघायला नको."

"आणि मागची अक्षरं?"

"ती झाकली जातील. खळीच्या ओलाव्यानं बरीचशी जातीलही."

"मग नको. यानला शंभर वर्षं कशाला?"

चौतीस वर्षांत कॅनव्हास न लावता परत दिलेलं अस्सल पोस्टर तेवढं एकच. रजिस्टरमधली जुनी नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली नवीन तारीख घालून लिहिलं: नोंद चुकीची, पोस्टर अस्सल. खाली सही केली. हुसेनभाईंनीही केली.

महिन्याभरात हानाबाई पोस्टर घेऊन ब्रनोला गेल्या आणि तिकडेच राहिल्या. भावाकडे कुणीतरी असायला हवं होतं. पुढच्या थंडीत त्यांचा मुलगा पीटर एक फ्रेम करायला वर्कशॉपमध्ये आला, तेव्हा त्यानं पुढचं सांगितलं. यानमामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, ऑपरेशनला तो तयार नव्हता. हानाबाईंनी पोस्टर जेवणाच्या टेबलावर पालथं ठेवलं आणि त्याचे हात धरून त्यावर टेकवले. पीटर त्यांना पोचवायला गेला होता, तो शेजारी उभा होता. म्हाताऱ्यानं उजवीकडून सुरुवात केली. एकेक अक्षर पुटपुटत, चुकलं की मागे जात, त्यानं सगळं पोस्टर वाचलं. शाळेचं नाव, प्रदर्शनाची जागा, वेळ. अर्धा तास लागला. मधल्या फोटोच्या जागी बोटांना काहीच लागेना, तेव्हा त्यानं विचारलं, "इथे काय आहे?"

"बाबांचा हात," हानाबाई म्हणाल्या.

त्यानं आपला हात तिथेच ठेवला. मग म्हणाला, "सुलटं करा. लाल रंग मला अजून दिसतो."